इंधन आणि इंजिन – लेखांक ७ : पिंपात शिरलेले पाणी

गेल्या आठवड्यात आपण गंधकाचे गणित पाहिले. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळते. त्यात वजनाच्या दहा लाख भागांत गंधकाचे १० भागच चालतात. बीएस-४ मध्ये ५० चालायचे. म्हणजे भामरागडच्या ट्रॅक्टरलाही मुंबईच्या बसइतकेच स्वच्छ डिझेल मिळायला हवे. कारखान्यातून ते तसे निघतेही. बिघडते ते पुढच्या वाटेवर आणि बऱ्याचदा आपल्याच दारात.

भामरागड इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की आलापल्लीचा रस्ता बंद, हे इथल्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. अशा ठिकाणी जनरेटरसाठी आधीच डिझेल भरून ठेवणे भागच असते. मात्र दोनशे लिटरचे पिंप उघड्यावर उभे ठेवले की वरच्या कडेच्या आत पावसाचे पाणी साचते. उन्हाने पिंप तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गार झाले की पिंप हवा आत ओढते आणि बुचाच्या आट्यांतून साचलेले पाणीही. बूच घट्ट दिसत असते, तरी हे घडते.

पाणी जड, म्हणून तळाशी बसते. त्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ फिल्टर चोक करतो. इंजिन चढावर दम टाकते. पाणी पुढे गेले तर नुकसान मोठे. पंप आणि नोजल यांना वंगण मिळते ते डिझेलचेच. पाण्यात ते नाही, उलट गंज चढतो. कॉमन रेल इंजिनात दाब १६०० बारच्याही वर जातो आणि भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. तिथे एवढासा ओरखडाही पुरतो. फवारा बिघडून थेंब मोठे पडतात, ते पुरते जळत नाहीत, डिझेल जास्त लागते आणि काजळी बाहेर पडते. जनरेटर दवाखान्याच्या किंवा आश्रमशाळेच्या भिंतीला लागून असेल, तर ती काजळी रुग्णांच्या आणि लेकरांच्या छातीत जाते. मला खरी काळजी याची वाटते.

रॉकेलची भेसळ हा वेगळा गुन्हा. रॉकेलच्या जुन्या मानकात गंधक ०.२५ टक्क्यापर्यंत चालायचे. असे रॉकेल दहात एक भाग मिसळले, तर बीएस-६ डिझेलमधले गंधक २५ पटींवर जाऊ शकते. याच काळ्या धंद्याला आडवे गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जाळून मारण्यात आले.

पंपावर घनता तपासून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. पिंप छपराखाली, आडवे ठेवा, दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत. तळाचे डिझेल इंजिनात घालू नका. आणि पावसाळ्यात रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, वॉटर सेपरेटरमधले पाणी काढाच.