रंग नंतर, आधी पंप

जुना ट्रॅक्टर बघायला गेलेला जाणता माणूस आधी इंजिनवर हात ठेवतो. इंजिन कोमट लागलं तर मालकाला म्हणतो, 'आज राहू द्या, उद्या सकाळी येतो.' गरम इंजिन कुणीही सुरू करून दाखवील. रात्रभर थंड पडलेलं इंजिन कसं पेटतं, त्यावरून त्याची खरी तब्येत कळते. ही पारख नाशिकजवळच्या निफाडच्या शेतकऱ्याला शिकवावी लागत नाही आणि जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या बागवाल्यालाही नाही. या दोन गावांना जोडणारा एक धागा जुन्या ट्रॅक्टरच्या कुशीतून जातो.

गेर्लिंगेन हे श्टुटगार्टच्या पश्चिमेला लागून असलेलं, वीसेक हजार वस्तीचं गाव. शहरातून येणाऱ्या यू-६ ट्रामचा शेवटचा थांबा इथला. गावामागच्या टेकडीचं नाव शिलरह्योहे. महाकवी फ्रीडरिख शिलरचे वडील जवळच्या सॉलिट्यूड राजवाड्याच्या बागा आणि रोपवाटिका सांभाळत. फळझाडं वाढवणं हेच त्यांच्या उत्तरायुष्याचं काम होतं. १७९६ साली ते गेले आणि त्यांना गेर्लिंगेनमध्येच पुरलं. आजही गावाच्या उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत, चेरी आणि सफरचंदाची उंच, जुनी झाडं आहेत. झाडांखाली गवत वाढतं, ते कापायचं, छाटलेल्या फांद्या ओढायच्या, शरद ऋतूत सफरचंदांची पोती रस काढायला न्यायची, ही सगळी लहान कामं. अशा कामांसाठी या भागातल्या कितीतरी गोठ्यांत आणि पडव्यांत साठ-सत्तर वर्षांचे ट्रॅक्टर जपलेले आढळतात.

इथले जुने ट्रॅक्टर आपल्या नजरेला अगदी छोटे वाटतात. अकरा, चौदा, अठरा अश्वशक्तीचे, एक किंवा दोन सिलिंडरचे. याचं कारण जमिनीच्या वाटणीत आहे. जर्मनीच्या उत्तरेत शेत बहुधा एकाच वारसाकडे जाई. व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे गेर्लिंगेनच्या मुलखात, सगळ्या मुलांना सारखा वाटा देण्याची रीत होती. दोन-तीन पिढ्यांत शेताच्या पट्ट्या झाल्या, त्याही गावाच्या चार दिशांना विखुरलेल्या. सातबाऱ्यावर गुंठ्यांचे हिस्से वाचणाऱ्या मराठी शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एवढ्या तुकड्यांत मोठं यंत्र वळणारही नाही आणि परवडणारही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या शेतकऱ्यानं बैल आणि घोडा सोडला, तेव्हा त्याला दोन जनावरांच्या जागी बसेल एवढंच यंत्र हवं होतं.

ते यंत्र वेगवेगळ्या कारखान्यांनी दिलं. कोलोनच्या डॉइट्झनं १९३६ सालीच अकरा अश्वशक्तीचा स्वस्त 'शेतकरी ट्रॅक्टर' काढला होता. १९५० च्या सुमारास त्यांनी हवेवर थंड होणारी इंजिनं बसवायला सुरुवात केली. डॉइट्झच्या इंजिनाचं नाव म्हणजे त्याची कुंडलीच. एफ-१-एल-५१४ यातला 'एफ' वाहनाचा, '१' सिलिंडरचा आकडा, 'एल' हवेचा, '५' मालिकेचा आणि '१४' म्हणजे पिस्टनचा स्ट्रोक चौदा सेंटिमीटर. गेर्लिंगेनहून फार दूर नसलेल्या उहिंगेनच्या आल्गायर कारखान्यानं १९५० पासून फेर्डिनांड पोर्शच्या आराखड्यावरचे ट्रॅक्टर बांधले. पुढे १९५६ ते १९६३ या काळात ते लाल पोर्श ट्रॅक्टर बोडन सरोवराकाठच्या फ्रीडरिखहाफेनमध्ये लाखाहून अधिक संख्येनं तयार झाले. 'ज्युनिअर' एक सिलिंडरचा, 'स्टँडर्ड' दोनचा, 'सुपर' तीनचा, 'मास्टर' चारचा.

या सगळ्यांचा आजोबा मानहाइमचा लान्झ बुलडॉग. फ्रिट्झ हुबरनं तो १९२१ साली रचला, बारा अश्वशक्तीचा आणि एकाच मोठ्या आडव्या सिलिंडरचा. तो सुरू करणं हा एक सोहळा असतो. पुढच्या बाजूचा लोखंडी गोळा स्टोव्हसारख्या बर्नरनं काही मिनिटं तापवायचा. नंतरच्या मॉडेलांत तर स्टिअरिंग दांड्यासकट उपसून फ्लायव्हीलमध्ये खोचायचं आणि झोका द्यावा तसं मागेपुढे हलवत इंजिनाला ठोका द्यायला लावायचं. दक्षिण जर्मनीत आजही कित्येक लोक कुठल्याही ट्रॅक्टरला 'बुलडॉग'च म्हणतात.

बुलडॉगला तापवावं लागे, कारण त्या काळात छोट्या इंजिनाला डिझेल पेलत नव्हतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली चाललं खरं, पण इंधन आत फुंकायला त्याला दाबाच्या हवेचा अवजड कॉम्प्रेसर लागे. एवढं बिऱ्हाड शेतात कोण ओढणार? हवा होता थेंबाएवढं डिझेल मोजून, नेमक्या क्षणी, प्रचंड दाबानं आत सोडणारा पंप. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशनं १९२२ च्या अखेरीस हे काम हाती घ्यायचं ठरवलं आणि १९२७ मध्ये पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. डिझेल इंजिन मग ट्रकमध्ये शिरलं, ट्रॅक्टरमध्ये शिरलं. बॉश स्वतः उल्मजवळच्या आल्बेकचा. आईवडील खाणावळ चालवत, शेतीही करत. पुढे त्यानं बव्हेरियात दलदलीची जमीन घेऊन स्वतः शेती उभी केली. त्याच्या कंपनीचं मुख्यालय १९७० पासून गेर्लिंगेनच्या शिलरह्योहेवर आहे. खाली उतारावर जुना डॉइट्झ सफरचंदं ओढतो आणि त्याच्या पंपाचं घराणं वर टेकडीवर नांदतं.

हा पंप नीट बघावा. इंजिनाच्या बगलेला बसलेली धातूची पेटी, वर निघालेल्या पोलादी नळ्या. जितके सिलिंडर तितके आत प्लंजर. प्लंजर आणि त्याचा बॅरल यांच्यामध्ये रबराची रिंग नाही, गॅस्केट नाही. दोघांतली फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या एका लहानशा हिश्श्याएवढी. तेवढ्या जवळिकीवरच दाब टिकतो. जुन्या इंजिनांची नोझल साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे बारला उघडतात. गाडीच्या टायरात हवा असते दोन-अडीच बार. प्लंजर-बॅरल ही जोडी कारखान्यात एकमेकांसाठी घासून बसवलेली असते. एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये चालत नाही.

इथून धागा नाशिकला येतो. बॉशच्या भागीदारीतली मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे 'मायको', १९५१ साली बंगळुरात सुरू झाली. पुढे नाशिकच्या सातपूरमध्ये तिचा नोझल आणि इंजेक्टरचा कारखाना उभा राहिला. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी नाशिककर रिक्षावाल्याला 'मायको सर्कल'च सांगतो आणि खेड्यातला फिटर पंपाला 'मायकोचा पंप'च म्हणतो. त्याच नाशिकमध्ये सत्तरच्या दशकात किर्लोस्करांनी डॉइट्झच्या सहकार्यानं ट्रॅक्टर बांधले. कांदिवलीत जन्मलेला महिंद्रा बी-२७५, एका सिलिंडरचा आयशर, हिरवा किर्लोस्कर किंवा एचएमटीचा झेटर जपायचा म्हणणाऱ्या मराठी माणसाला गेर्लिंगेनचा बागवाला म्हणूनच परका नाही. दोघांची पहिली चिंता एकच असते: पंप बरा आहे ना?

आता निवडीकडे येऊ. थंड इंजिन पेटल्यावर धुरांड्याकडे बघावं. काही क्षण पांढरा धूर आला तर काळजी नको. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कॉम्प्रेशन गेलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा-लायनर बघा. बेतशीर लोडवरही काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, नोझल किंवा पंपाचं काम. मग ऑइल भरायचं झाकण उघडावं. तिथून धाप लागल्यासारखे वाफारे येत असतील तर बोअर घासला आहे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. जर्मनीत यामागे एक जास्तीचं कारण असतं. हिवाळ्यापूर्वी पाणी काढलं नाही की ते गोठून फुगतं आणि ब्लॉक तडकतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तो धोका नाही, पण सिलिंडरच्या फिनांत भुसा आणि तेल साचलं की ते आतून भाजून निघतं.

हायड्रॉलिकवर वजन उचलून इंजिन बंद करावं आणि दहा मिनिटं थांबावं. लिफ्ट हळूहळू खाली बसली तर सील गेले आहेत. चढावर गिअर टाकून गाडी सोडावी, गिअर उडतो का कळतं. पुढचा अ‍ॅक्सल हातानं हलवून पिनांचा ढिलेपणा बघावा. टायरच्या कडांना भेगा असतील तर किमतीतून तेवढी रक्कम वजा करावी, कारण मागचे दोन टायरच कधी कधी छोट्या ट्रॅक्टरच्या मोलाला जाऊन भिडतात. चासी आणि इंजिनाचे नंबर कागदाशी जुळवावेत. आपल्याकडे आरसी बुकावर बँकेचा बोजा नाही ना, हे बघितल्याशिवाय इसार देऊ नये. ताज्या रंगावर तर मुळीच भुलू नये. रंगाखाली वेल्डिंग लपतं. जुना, उन्हानं फिका पडलेला रंग मात्र खरं बोलतो.

ट्रॅक्टर घरी आला की मालकी सुरू होते. जर्मनीत तीस वर्षं पुरी झालेलं, मूळ रूपात जपलेलं वाहन असेल तर १९९७ पासून नंबरप्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं आणि वर्षाला सुमारे १९१ युरो इतका ठरलेला कर लागतो. खरोखर शेतीत राबणारा ट्रॅक्टर हिरव्या अक्षरांच्या प्लेटवर करमुक्त चालतो. भारतात २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांनी जुन्या दुचाकी आणि मोटारींना मान दिला, ट्रॅक्टर त्यात आला नाही. ज्या यंत्रानं गावं पोसली त्यालाही हा मान मिळायला हवा.

रोजची देखभाल सोपी, पण चुकवून चालत नाही. पावसाळ्यापूर्वी किंवा हिवाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. पाण्याचा एक थेंब पंपाला गंज देतो. डिझेल फिल्टरला कंजुषी करू नये. आजच्या डिझेलमधला जैविक अंश जुने रबरी पाइप मऊ करतो, ते बदलून घ्यावेत. फिल्टर बदलल्यावर एअर काढायला शिकावं: स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून निखळ डिझेल आलं की घट्ट करायचा. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये, तो कातडी भेदून आत जातो. आणि जुन्या ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी चौकट नसेल तर ती बसवावी. मूळ रूपापेक्षा चालवणारा जीव मोठा.

माझं सांगणं इतकंच: मॉडेल निवडण्याआधी माणूस निवडा. तुमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर कुणाच्या दुकानात पंप टेस्टिंगचं टेबल अजून फिरतंय, कुठल्या इंजिनाचे लायनर तो डोळे मिटून ओळखतो, हे आधी शोधा आणि मग त्याला ओळखीचा असलेलाच ट्रॅक्टर घ्या. दुर्मीळ बुलडॉग मिळाला आणि त्याला समजून घेणारं कुणी नसेल, तर तो शोभेचं लोखंड होतो. साधा बी-२७५ मिळाला आणि शेजारी म्हातारा फिटर असेल, तर तो पुढच्या पिढीलाही नांगरून देईल. त्या फिटरकडे रविवारी आपल्या मुलाला पाठवा. प्लंजर बॅरलमध्ये सोडताना डिझेलनं ओला ठेवायचा आणि उघड्या बोटांनी पुसायचा नाही, ही गोष्ट पुस्तकातून हातात उतरत नाही. ती त्याच्या हातातूनच घ्यावी लागते.