गाडीपुढच्या फलकावर काय लिहावं?
जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात पद्मिनीपुढे ‘१०८९ सीसी, ४ सिलिंडर’ एवढाच फलक लावला, तर बघणाऱ्याला काय कळणार? वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्यातल्या कारखान्यात ही फियाट बनायची, १९७०च्या दशकात तिची पद्मिनी झाली आणि हीच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती, हे आधी यावं. मग मूळचं काय, बदललेलं काय: रंग नवा, सीटचं रेक्झिन नवं, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा मात्र मूळचा. बदल कबूल केले की गाडीचा भाव उतरतो, ही मालकांची धास्ती अनाठायी आहे. जाणकार नवा रंग ओळखतोच, आणि लपवाछपवी दिसली की उरलेल्या माहितीवरही विश्वास ठेवत नाही. लांबलचक मजकूर कोणी वाचत नाही, हे मात्र खरं. तेव्हा अक्षरं ठसठशीत हवीत आणि सीसी शेवटच्या ओळीत.