टंचाई आणि श्रद्धा (लेखांक ४) : केडगावच्या विहिरी

मागच्या आठवड्यात आपण योसेफाची कोठारे पाहिली. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढायचा, ही मिसर देशाच्या कारभाऱ्याची तजवीज होती. पण ज्याच्या घरात साठवायला मूठभर धान्यही नाही, त्याचे काय?

त्याच्यासाठी बायबलमध्ये मान्न्याची कथा आहे. अरण्यात भुकेने कुरकुरणाऱ्या इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना मिळे, माणशी एक ओमर. ज्याने जास्त वेचला त्याचा मापून उरला नाही, ज्याने कमी वेचला त्याला तुटला नाही. उद्यासाठी लपवून ठेवलेल्यात मात्र किडे पडले. अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. योसेफाने साठवले आणि इथे साठवायला मनाई, हा विरोध अनेकांना खटकतो. मला तो विरोध वाटत नाही. योसेफाची कोठारे साऱ्या देशासाठी होती. किडे पडले ते एकट्याने दडवलेल्यात. आणि मान्ना आयता तोंडात पडत नव्हता. ऊन चढण्याआधी उठून तो वेचावा लागे, कारण उन्हाने तो वितळून जाई. टंचाईत श्रद्धा आपल्या वाट्याला मर्यादा घालते, कष्टांना घालत नाही. हे आचरणात कसे दिसते, ते पाहायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

पंडिता रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि हात पसरणे मानी स्वभावाला जमत नव्हते. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पुढे, १८८३ मध्ये, इंग्लंडमधल्या वाँटेज येथे.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या पुण्यात मुलींसाठीचे शारदा सदन चालवत होत्या. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांसाठी कबूल केलेली मदत संपत आली होती. पुढचा खर्च निघावा म्हणून त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेऊन फळबाग धरली होती. कोणताही व्यवहारी माणूस म्हणाला असता, आधी घरातल्या मुलींचे बघा. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या सरकारी मदतछावण्यांत आणि अनाथालयांत उपासमारीइतकीच दुसरी एक भीती होती : एकट्या पडलेल्या कोवळ्या मुलींना नादी लावणारी माणसे आसपास वावरत होती. रमाबाईंनी हे लिहून ठेवले आहे. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्यांनी सोबत आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावरच आसरा दिला. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या आसपास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींच्या भाकरीसाठी रमाबाई प्रार्थना करत, आणि मनापासून करत. ब्रिस्टलला अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांच्या चरित्राचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. म्युलर गरज माणसांपुढे न मांडता देवापुढे मांडत. पण केडगावात प्रार्थनेबरोबर विहिरी खणल्या गेल्या. शेती आणि गाईगुरे सांभाळली जात, विणकाम, शिवण, तेल गाळणे चाले, पुढे छापखानाही आला. जिने एकेकाळी आपल्या घरच्यांना कष्टांची सवय नसल्याने हतबल होताना पाहिले, तिने आपल्या आश्रयाला आलेल्या प्रत्येकीच्या हाताला काम दिले. मला रमाबाईंच्या श्रद्धेचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अंध मुलींनाही यातून वगळले नाही. रमाबाईंची लेक मनोरमा हिने त्यांच्यासाठी ब्रेलचे शिक्षण सुरू केले.

एक आक्षेप इथे टाळता येणार नाही. भुकेल्याला अन्न देऊन त्याचा धर्म बदलायचा, असा आरोप मिशनांवर झाला आणि रमाबाईंवरही झाला. शारदा सदनातल्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही दूर झाले. तो वाद घाईने निवाडा करून मिटवण्यासारखा नाही. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपुरते मात्र शास्त्र स्पष्ट आहे. एलीया संदेष्ट्याला दुष्काळात अन्न दिले ते सारफथच्या एका परक्या विधवेने, आणि तिच्या मडक्यातले पीठ संपले नाही. तिने आधी इस्राएली व्हावे, अशी अट कोणी घातली नव्हती. भाकरीला अट जोडणाऱ्याला या कथेचा आधार घेता येत नाही.

पुढच्या लेखांकात अंत्युखियाच्या मंडळीकडे वळू. क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ येणार असे कळल्यावर तिथल्या प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे यहूदियातल्या बांधवांसाठी मदत काढली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती पाठवली. अशा पैशांची व्यवस्था कशी ठेवली गेली, आणि मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असताना अशा कामासाठी वर्गणी द्यायला का पुढे आल्या, ते पौलाच्या पत्रांतून पाहू.