हात हलतो, अंग हलते का?

जून ते सप्टेंबर या काळात आपल्या रास अल खैमात मुलांना दुपारी खाली खेळायला सोडण्याची सोय नसते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. संध्याकाळी ऊन उतरते, पण दमटपणा उतरत नाही. जी कुटुंबे सुटीत गावी जात नाहीत, त्यांच्या मुलांची सुटी एसीखाली दिवाणखान्यातच जाते. म्हणून ‘हात हलवून खेळायचा व्हिडिओ गेम घ्यावा का? व्यायाम होतो म्हणतात,’ असे पालक आम्हाला विचारतात.

अशा खेळांचा खरा बोलबाला झाला तो २००६ साली आलेल्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’मुळे. या यंत्राचे १० कोटींहून अधिक नग विकले गेले. त्याच्या हातातल्या कांडीत प्रवेगमापक असतो, म्हणजे सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले तितकेच सूक्ष्म वजन. लोकलला ब्रेक लागला की उभे प्रवासी झुकतात ना, तसे हाताच्या झटक्याने हे वजन सरकते. शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, विद्युतधारिता बदलते, आणि यंत्राला झटका कळतो.

गोम इथेच आहे. यंत्राला कांडी कळते, खेळणारा कळत नाही. टेनिसचा फटका मारायला मनगटाचा हिसका पुरतो, हे आपली मुले आठवड्याभरात शोधून काढतात आणि सोफ्यावर लोळत सामने जिंकतात! सगळे अंग कॅमेऱ्याने टिपणारे मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ २०१० साली आले होते, पण त्याचे उत्पादन २०१७ मध्ये बंद झाले.

मग व्यायाम होतो की नाही? ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डिसेंबर २००७ मध्ये १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींवरचा अभ्यास आला. बसून खेळण्यापेक्षा ‘वी’वर निदान ५१ टक्के अधिक ऊर्जा खर्च झाली, पण खऱ्या खेळाइतकी नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा अभ्यास ‘पीडियाट्रिक्स’मध्ये आला, तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही मुलांना अंग हलवायला लावणारे खेळ दिले, काहींना बसून खेळायचे, आणि सर्वांच्या कमरेला प्रवेगमापकच बांधला. दोन्ही गटांच्या हालचालीत फरक आढळला नाही. नुसते यंत्र घरात आणून ठेवण्याने काही होत नाही, हे त्यातून दिसते. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांचा दमदार व्यायाम सांगते.

तरीही आम्ही ‘घेऊ नका’ म्हणणार नाही. मात्र घरातल्या मोठ्यांनी सोबत खेळायला हवे. आई-बाबा समोर उभे असले की मुलगाही उठतो, आणि उभे राहूनच खेळायचे हा नियम मग भांडणाविना पाळला जातो. व्हिजिटवर आलेल्या आजी-आजोबांना बोलिंग सहज जमते. दम लागतो तो बॉक्सिंगमध्ये, कारण तिथे दोन्ही हात चालतात.

सध्या याच कंपनीच्या ‘स्विच’वर २०२२ साली आलेल्या ‘स्विच स्पोर्ट्स’मध्ये बॅडमिंटन, टेनिस, बोलिंग आहे. २०१९ च्या ‘रिंग फिट’मध्ये हातात कडे आणि मांडीला पट्टा असतो, त्यामुळे पायही चुकवता येत नाहीत. मात्र तो एका वेळी एकानेच खेळायचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी त्यात जागच्या जागी धावण्याऐवजी बैठका घ्यायची सोय आहे. खालच्या मजल्यावरचे शेजारी दुवा देतील.

खेळण्याआधी टीपॉय बाजूला सारा आणि मनगटाची दोरी अडकवाच. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीला ३२ लाख दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या, कारण त्या तुटून कांड्या उडत होत्या. जुने ‘वी’ स्वस्तात मिळाले तर ते कोणत्या देशातले आहे ते आधी पाहा. त्याच्या तबकड्या प्रदेशानुसार बांधलेल्या असतात. अमेरिकेतली तबकडी युरोपच्या यंत्रावर चालत नाही. ‘स्विच’ला ही अडचण नाही.