पाईप तुंबला भो!

रावेरच्या केळीबागेत आम्ही मोबाईलवर 40 मिनिटांचं शूटिंग केलं. हरण्या रोगाचे, म्हणजे सीएमव्हीचे, पानावरचे पिवळे पट्टे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचे, हा आमचा प्रोजेक्ट. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे 72,000 चित्रं! हाताने कोण काढणार?

म्हणून एफएफएमपेग. फाब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेलं हे फुकटचं साधन कमांडवर चालतं. पायथॉनच्या 'सबप्रोसेस'मधून ते चालवलं, 'एफपीएस=1' हा फिल्टर लावला. आता सेकंदाला एकच फ्रेम, एकूण 2,400.

पण लॅबच्या जुन्या पीसीवर पाच-सहा मिनिटांनी सगळं गपगार! एरर नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी धुळ्याला सादरीकरण. रूममेटने कोड पाहिला. "पाईप तुंबला भो तुझा."

एफएफएमपेग कामाची बडबड 'स्टँडर्ड एरर'वर करतं. ती मी पाईपमध्ये घेतली, वाचली मात्र नाही. लिनक्सवर पाईपमध्ये साधारण 64 केबी मावतात. भरला की लिहिणारा अडकतो. तो माझी वाट बघतोय, मी 'वेट' लावून त्याची!

'वेट'च्या जागी 'कम्युनिकेट' टाकलं. ते पाईप रिकामा करत राहतं. शिवाय 'लॉगलेव्हल एरर' देऊन बडबडही कमी केली. पहाटे चित्रं पूर्ण. सकाळच्या धुळे एसटीत पारोळा कधी गेलं, कळलंच नाही.