दोन दिवसांचे बुऱ्हाणपूर : पाहुण्यांना काय दाखवावे आणि कोणत्या क्रमाने

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी पुणे, मुंबई, नाशिक, जळगावकडचे पाहुणे येतात. गप्पा होतात, मावा जिलेबी होते, इच्छापूरला जाऊन इच्छादेवीचे दर्शन होते आणि तिसऱ्या दिवशी मंडळी भुसावळकडची गाडी पकडतात. "गावात पाहण्यासारखे काय आहे?" असे कोणी विचारलेच, तर आपण "किल्ला आहे, मुमताजची कबर होती" एवढे सांगून मोकळे होतो. एवढ्याशा उत्तरात बुऱ्हाणपूर बसत नाही. म्हणून सभासदांना उपयोगी पडेल असा दोन दिवसांचा कार्यक्रम येथे मांडत आहे. माझे सांगणे थोडक्यात असे की सुरुवात किल्ल्यापासून किंवा मुमताजपासून करू नये, पाण्यापासून करावी. पाणी समजले की बाकीचे गाव आपोआप समजते.

आधी थोडे दूरचे

हल्ली पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींत दक्षिण अमेरिकाही असते. पेरू देशात जाणारे लोक कुस्को आणि माचू पिचू पाहतात आणि पुष्कळजण पुढे नाझ्का या कोरड्या प्रदेशात जातात. तेथे विमानातून जमिनीवरच्या प्रचंड रेषा पाहून झाल्या की जवळच कांतायोक येथे पुकिओ दाखवतात. पुकिओ म्हणजे जमिनीखालचे पाणी शेतापर्यंत आणणारे जुने भुयारी कालवे. ते स्पॅनिश लोक येण्याच्या आधीचे मानले जातात. वरून दगडांनी बांधलेली, चक्राकार उतरत जाणारी विवरे आहेत, त्यांना तिकडे 'डोळे' म्हणतात. त्या डोळ्यांतून खाली उतरले की वाहते पाणी दिसते आणि ते आजही वापरात आहे.

त्याच जातीची गोष्ट आपल्या लालबागेत, रेल्वे स्टेशनापासून थोड्या अंतरावर आहे. तिचे नाव कुंडी भंडारा. कोणी खुनी भंडाराही म्हणतात. पाण्याच्या तांबूस छटेवरून ते नाव पडले असे काही सांगतात, तर मूळ शब्द कुंडीच आहे असे इतरांचे म्हणणे.

पहिला दिवस, सकाळ : कुंडी भंडारा

सन १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुल रहीम खानखाना येथे असताना ही योजना झाली. तिची आखणी करणाऱ्या इराणी जाणकाराचे नाव तबकुतुल अर्ज असे सांगितले जाते. इराणात डोंगराचे पाणी भुयारातून गावात आणण्याची पद्धत फार जुनी आहे. तिला कनात म्हणतात. तीच विद्या येथे वापरली गेली.

पाहुण्यांना हे समजावून सांगणे अवघड नाही. सातपुड्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीच्या पोटातून हळूहळू तापीकडे (आपण इथे ताप्ती म्हणतो) सरकतो. हे पाणी नदीला मिळण्याआधीच वाटेत अडवायचे, अगदी सौम्य उताराच्या भुयारात घ्यायचे आणि शहराकडे वळवायचे. पंप नाही, रहाट नाही, बैल नाही. सगळे काम उतार करतो. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरीसारखे उभे कूप आहेत, त्याच कुंड्या. त्या शंभरावर आहेत. खोदताना माती वर काढायला त्यांचा उपयोग झाला. नंतर आत हवा जायला आणि माणूस उतरून गाळ काढायला त्याच उपयोगी पडल्या. लालबागेत जमिनीवर एका रांगेत दिसणारी गोल तोंडे म्हणजे खालच्या वाहत्या पाण्याचा माग होय. हे पाणी पुढे जाळी करंज या ठिकाणी साठवून शहरात वाटले जाई.

एका कुंडीतून खाली उतरण्यासाठी लिफ्टची सोय केलेली आहे. साधारण ८० फूट खाली गेल्यावर पायाखाली थंड पाणी वाहते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती क्षारांच्या थराने पांढऱ्या झालेल्या दिसतात. लिफ्ट काही वेळा बंद असते, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी. आत जाताना चपला हातात घ्याव्या लागतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी वरच थांबावे.

एवढे पाणी कशाला लागले, हा पुढचा प्रश्न मुले विचारतातच. त्याचे उत्तर गावात आहे.

पहिला दिवस, दुपार आणि संध्याकाळ : शहर

बुऱ्हाणपूर फारुकी घराण्यातल्या नासिर खानाने सन १४०० च्या आसपास वसवले आणि सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. नदीपलीकडचे जैनाबाद हे संत जैनुद्दीन यांच्या नावाचे. जवळजवळ २०० वर्षे ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर मोगलांचे दक्षिणेतले मुख्य ठाणे झाले. शहजादे, सुभेदार, हत्ती, घोडे, छावण्या, व्यापारी आणि विणकर असा सगळा भार एका गावावर आला. नदी उंच काठाच्या खाली वाहते, तेव्हा तिचे पाणी वर आणायचे तर रोज किती माणसे आणि जनावरे राबवावी लागली असती याचा अंदाज घाटावर उभे राहिले की येतो. भंडाऱ्याचे काम का काढले, हे इथे कळते.

गांधी चौकातली जामा मशीद अवश्य दाखवावी. राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने ती १५९० च्या सुमारास पुरी केली. आत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि बांधकामाचा काळ आपल्या पंचांगाप्रमाणे संवत, शक, महिना, पक्ष, तिथी असा दिलेला आहे. मशिदीत संस्कृत शिलालेख ही गोष्ट भारतात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. नमाजाची वेळ टाळावी, डोके झाकावे आणि परवानगी घेऊन लेख पाहावा.

ऊन उतरल्यावर शाही किल्ल्यात जावे. याचा आरंभ फारुकींचा, वाढ मोगलांची. आज पुष्कळ भाग पडलेला आहे, पण हमाम टिकून आहे. छतावरचे रंगकाम मान वर करून सावकाश पाहावे. इथल्या हौदांना आणि नळांना लागणारे पाणी लक्षात घेतले की सकाळी पाहिलेले भुयार पुन्हा आठवते.

याच शहरात १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्याजवळ, तात्पुरते दफन केले आणि सहा महिन्यांनी डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल आधी इथेच बांधायचा होता, पण माती चालली नाही, संगमरवर आणणे जमले नाही, अशा गोष्टी गावात सांगतात. त्या गोष्टी म्हणूनच सांगाव्यात. किल्ल्याच्या गच्चीवरून समोरचा काठ दाखवून एवढे सांगितले तरी पाहुणे गप्प होतात.

दुसरा दिवस, सकाळ : असीरगड

शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, खंडव्याच्या रस्त्याला असीरगड आहे. सातपुड्यातून दक्षिणेत उतरणारी वाट या गडाच्या नजरेखाली होती, म्हणून त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत. गडावर मशीद आहे, महादेवाचे मंदिर आहे, पाण्याचे तलाव आहेत आणि इंग्रजांच्या काळातल्या इमारतींचे अवशेष आहेत. अश्वत्थामा अजूनही या मंदिरात पूजेला येतो, ही कथा तर लहान मुलांना सांगावीच लागते.

मराठी माणसाने इथे थोडे अधिक थांबावे. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून जो मुलूख मराठ्यांना मिळाला, त्यात असीरगड आणि बुऱ्हाणपूर होते. पुढे गड शिंद्यांकडे आला. १८१८ मध्ये पेशवाई संपली, पण हा गड उभाच होता. शिंद्यांचे किल्लेदार जसवंतराव लाड यांनी तो लढवला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो इंग्रजांच्या हाती गेला. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातला हा शेवटचा वेढा. शनिवारवाडा पाहिलेल्या पाहुण्यांना त्या कथेचे शेवटचे पान इथे आहे हे सांगितले पाहिजे.

सकाळी लवकर निघावे, बरोबर पाणी आणि टोपी असावी. वर खाण्याची सोय धरून चालू नये.

दुसरा दिवस, दुपारनंतर : राजाची छत्री आणि आहूखाना

परत येऊन जेवण करून बोहरडा गावाकडे जावे. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ दगडी खांबांची एक छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंगांची. १६६५ मध्ये पुरंदरचा तह ज्यांनी शिवाजी महाराजांशी केला तेच हे मिर्झाराजे. महाराज आग्र्याहून निसटल्यावर बादशहाची मर्जी उतरली, विजापूरची मोहीमही फसली होती. दक्षिणेचा कारभार दुसऱ्याकडे देऊन त्यांना परत बोलावले गेले आणि उत्तरेच्या वाटेवर २८ ऑगस्ट १६६७ रोजी बुऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला. शाळेच्या पुस्तकात आपण पुरंदरपर्यंत येऊन थांबतो, पुढचा धडा आपल्या गावाबाहेर उभा आहे.

मराठ्यांचा याच गावाशी दुसराही संबंध आला. संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेच, १६८१ च्या जानेवारीअखेरीस, मराठी फौजेने बुऱ्हाणपूरच्या तटाबाहेरच्या बहादूरपुऱ्यावर छापा घातला. मोगल सत्तेला त्याचा मोठा धक्का बसला आणि औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरण्यामागे जी कारणे होती त्यांत हेही एक धरले जाते.

दिवस मावळण्याआधी आहूखाना गाठता आला तर उत्तम. इमारत साधी आणि पडकी आहे, तिथे भव्य काही शोधू नये.

वेळ उरला तर

उतावळी नदीच्या काठी खानखानाचा मुलगा शाहनवाज खान याची काळ्या दगडाची कबर आहे, तिला लोक काळा ताज म्हणतात. शाह शुजाच्या बेगमेची कबर लहान आणि खरबुजाच्या आकाराची आहे, आतले रंगकाम मात्र पाहण्यासारखे. १७०८ मध्ये नांदेडला जाताना गुरू गोविंदसिंग इथे थांबले होते, त्यांची आठवण बडी संगत गुरुद्वारात आहे. बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी स्वच्छतेचा धडा म्हणूनही दाखवावा. पाहुणे पावसाळ्यात आले असतील तर महल गुलारा सोडू नये. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी आणि दोन्ही काठांवर समोरासमोर उभे महाल, हे दृश्य पावसानंतरच खुलते. एरवी फिरण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. मे महिन्यातल्या पाहुण्यांना सकाळी ११ नंतर घराबाहेर काढू नये. परतीच्या पिशवीत दराबा आणि केळ्याचे वेफर द्यावेत, मावा जिलेबी गरम असतानाच इथे खाऊ घालावी.

आता आपल्या कामाची गोष्ट

मार्च २०२४ मध्ये भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. अनेकांनी पेढे वाटले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अर्ज नोंदवला गेला आहे, कर्ज मंजूर झालेले नाही. मंजुरीच्या वेळी तारण पाहतात. आपले तारण म्हणजे वाहते पाणी.

या व्यवस्थेचे गणित साधे आहे. डोंगरात आणि जमिनीत मुरलेले पाणी हे मुद्दल, भुयारात झिरपते ते व्याज. ४०० वर्षे शहराने व्याजावर काम भागवले. गेल्या काही दशकांत आपण घरोघरी आणि शेतोशेती बोअर मारून मुद्दलालाच हात घातला. डोंगरावरची झाडी विरळ झाली की जमा कमी होते, बोअर वाढले की खर्च वाढतो. दुसरीकडे पाण्यातले क्षार भिंतींवर साचून भुयाराची वाट अरुंद करतात. ती साफ करण्याचे काम जाणकारांचे आहे, हौसेने कुदळ घेऊन उतरण्याचे नाही. पण कुंडीत कचरा न टाकणे, तिच्या तोंडाशी बांधकाम न होऊ देणे आणि आपल्या छतावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे ही कामे आपलीच आहेत. लालबागेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तरी हे पावसाळ्यापूर्वी मनावर घ्यावे.

पडक्या महालाची डागडुजी कधीही करता येते, पैसा असला की झाले. आटलेला झरा पैशाने परत येत नाही. म्हणून यंदाच्या सुट्टीत पाहुणे आले की त्यांना आधी लालबागेत न्या, आणि आपल्या घरातली जी मुले आजवर खाली उतरलेली नाहीत त्यांनाही बरोबर घ्या. पाणी पायाला लागले की ते जपण्याचे वेगळे सांगावे लागत नाही.