फोलोन व पिकोन पाणचक्की-मार्ग

फोलोन व पिकोन पाणचक्की-मार्ग : स्पेनच्या वायव्य भागातील गॅलिशिया प्रदेशात, पोंतेवेद्रा प्रांतातील ओ रोसाल या पालिकाक्षेत्रात असलेला पदभ्रमणाचा मार्ग. फोलोन व पिकोन हे दोन लहान ओढे एका ग्रॅनाइटी डोंगराच्या तीव्र उतारावरून खाली उतरतात. त्यांच्या काठांवर दगडी बांधणीच्या साठांहून अधिक पाणचक्क्या पायऱ्यांप्रमाणे एकीखाली एक अशा बांधलेल्या आहेत. एका ओढ्याच्या कडेने चढून दुसऱ्याच्या कडेने उतरणारी ही वर्तुळाकार वाट सु. ३ ते ४ किमी. लांबीची आहे. या चक्क्यांपैकी कोणतीही एक घेतली, तर ती अगदी सामान्य ग्रामीण वास्तू ठरते. त्यांचे महत्त्व समूहात आहे : एकच पाणी अनेकांनी पुनःपुन्हा वापरावयाचे, तर त्यासाठी बांधकामाबरोबरच परस्परांतील करारही लागतो, हे या उतारावर प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

परिसर : ओ रोसालचे खोरे मीन्यो नदीच्या मुखाजवळ तिच्या उजव्या तीरावर आहे. या भागात मीन्यो नदी स्पेन व पोर्तुगाल यांची सरहद्द बनते. अटलांटिक महासागराच्या सान्निध्यामुळे येथील हवामान सौम्य व दमट असून पावसाळी दिवस मुख्यतः हिवाळ्यात येतात. खोऱ्याच्या तळाशी द्राक्षांचे मळे आहेत व येथील पांढरी द्राक्षमदिरा प्रसिद्ध आहे. डोंगरउतारावर मात्र खडक उघडा पडलेला असून मातीचा थर पातळ आहे. शेतीस निरुपयोगी अशा या भागातच चक्क्यांना हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी उपलब्ध होत्या : बाराही महिने थोडेफार वाहणारे पाणी व थोड्या अंतरात मिळणारी मोठी उंची. ओढे लहान असल्याने पाण्याची राशी अल्प. ती उणीव उताराने भरून काढली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पाण्याच्या शक्तीवर धान्य दळण्याची कला यूरोपात प्राचीन आहे. रोमन वास्तुतज्ञ व्हिट्रूव्हिअस याने इ. स. पू. पहिल्या शतकात उभ्या चाकाच्या पाणचक्कीचे वर्णन केले आहे. फ्रान्समधील आर्लजवळच्या बार्बगाल येथे इ. स. दुसऱ्या शतकात डोंगरउतारावर आठ-आठ चाकांच्या दोन रांगा बांधण्यात आल्या होत्या व वरच्या चाकाचे पाणी खालच्या चाकास मिळत असे. फोलोन व पिकोन येथील रचनेचे तत्त्व तेच आहे. मात्र बार्बगाल ही एका योजनेने उभारलेली मोठी दळणशाळा होती, तर येथील चक्क्या शेतकऱ्यांनी आपापल्या गरजेनुसार क्रमाक्रमाने बांधलेल्या आहेत.

या चक्क्यांच्या वाढीचा संबंध मक्याच्या प्रसाराशी आहे. अमेरिकेतून आलेले हे पीक सतराव्या शतकात स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर रुजले. गॅलिशियाच्या दमट किनारी भागात त्याने पूर्वीच्या बाजरीवर्गीय धान्याची जागा घेतली व त्या धान्याचे ‘मिल्यो’ हे नावही मक्यालाच मिळाले. मक्याचे उत्पन्न अधिक असल्याने लोकसंख्या वाढली, दळणही वाढले आणि ओढ्यांच्या काठी नव्या चक्क्या उभ्या राहिल्या. कास्तील राज्यातील मालमत्तेची मोजदाद करण्यासाठी १७४९ मध्ये एन्सेनादाच्या मार्क्विसच्या पुढाकाराने जी पाहणी सुरू झाली, तिच्या चाळीस प्रश्नांपैकी सतरावा प्रश्न खाणी, मिठागरे, पिठाच्या व कागदाच्या चक्क्या यांविषयी होता. ग्रामीण अर्थव्यवस्थेत चक्कीला किती महत्त्व होते, याची त्यावरून कल्पना येते.

रचना व कार्य : फोलोन व पिकोन येथील चक्क्या आडव्या चाकाच्या प्रकारातील आहेत. ओढ्यावर दगडांचा लहान बंधारा घालून पाणी अडवितात व ते काठाने काढलेल्या दगडी पाटातून चक्कीच्या माथ्याशी आणतात. तेथून ते अरुंद व खोल अशा दगडी नळात किंवा तीव्र उताराच्या पन्हळीत पडते. तळाशी निमुळते छिद्र असते. उंचीमुळे दाब वाढलेले पाणी त्या छिद्रातून वेगाने बाहेर पडून चाकाच्या पळीसारख्या पात्यांवर आदळते व चाक फिरू लागते. चाकाचा उभा दांडा खालच्या स्थिर तळीच्या मध्यातून वर जाऊन वरच्या दगडाला जोडलेला असतो. चाकाच्या एका फेऱ्याबरोबर दगडाचाही एक फेरा होतो. दात्यांची चाके लागत नसल्याने यंत्र साधे राहते व गावचा सुतार आणि पाथरवट ते दुरुस्त करू शकतात. त्याची कार्यक्षमता मात्र उभ्या चाकाच्या मानाने कमी असते.

चक्कीची इमारत दुमजली असते. खालच्या दालनात चाक असते. अंधार, पाण्याचा गडगडाट व तुषार यांमुळे गॅलिशियन भाषेत या दालनाला ‘इन्फेर्नो’ म्हणजे नरक असे नाव पडले आहे. वरच्या दालनात दळणाचे दगड व त्यांच्यावर चाड्यासारखी लाकडी पेटी असते. पेटीतील धान्य एका लहान पन्हळीवरून दगडाच्या मुखात पडते. पन्हळीला बांधलेला लाकडाचा तुकडा फिरत्या दगडावर टेकलेला असतो. दगडाच्या खरबरीत पाठीवर तो उड्या मारतो, त्याबरोबर पन्हळी हलते व धान्य थोडेथोडे सुटते. दगड वेगाने फिरू लागला की दाणेही भराभर पडतात आणि वेग मंदावला की कमी पडतात. अशा रीतीने पाण्याच्या जोरानुसार धान्याचा पुरवठा आपोआप बदलतो. पीठ जाडे किंवा बारीक हवे त्याप्रमाणे वरचा दगड तरफेने किंचित उचलण्याची सोय असते. दगड झिजून गुळगुळीत झाले की, घरच्या जात्याप्रमाणेच त्यांना टाकी लावावी लागते.

चक्क्यांच्या भिंती स्थानिक ग्रॅनाइटच्या आहेत. काही दगडांवर क्रूस, अक्षरे व मालकीच्या खुणा कोरलेल्या आढळतात. उतारामुळे एका चक्कीच्या तळाशी सुटलेले पाणी थोड्याच अंतरावर पुढील चक्कीच्या पाटात शिरते. वरची चक्की पाणी खर्च करीत नाही, केवळ त्याची उंची खर्च करते. म्हणून तेच पाणी पायथ्यापर्यंत अनेकदा राबते.

मालकी व पाणपाळ्या : गॅलिशियात चक्क्यांचे मालकीच्या दृष्टीने दोन मुख्य प्रकार होते. पहिल्या प्रकारात चक्की एका मालकाची किंवा मठाची असे व दळणावळ म्हणून पिठाचा अथवा धान्याचा ठराविक भाग कापून घेतला जाई. त्याला ‘माकीआ’ म्हणत. दुसऱ्या प्रकारात काही कुटुंबे एकत्र येऊन चक्की बांधीत व ती त्यांच्या वारसांकडे सामाईक राही. अशा चक्कीस वारसांची चक्की असे नाव होते. तीत दळणावळ नसे. प्रत्येक घराला त्याच्या हिश्श्याप्रमाणे दिवसाचे किंवा रात्रीचे ठराविक तास मिळत. वाटण्या होत गेल्या की हे तासही विभागले जात आणि लग्नात किंवा खरेदीखतात जमिनीप्रमाणे चक्कीच्या तासांचीही देवघेव होई.

पाळ्यांची ही व्यवस्था पाण्याच्या टंचाईतून आली. उन्हाळ्यात ओढे रोडावत आणि त्याच दिवसांत मक्याच्या शेतांनाही पाणी लागे. त्यामुळे गॅलिशियात अनेक ठिकाणी उन्हाळ्यातील पाणी प्रथम सिंचनाला व नंतर चक्क्यांना देण्याची रूढी होती. वरच्या माणसाने पाट तुंबवून ठेवला, तर खालच्याचे दळण थांबे. पाट गाळाने भरला, तर सर्वांचेच थांबे. म्हणून बंधारा व पाट यांची साफसफाई हिस्सेदारांनी मिळून करावयाची असे. महाराष्ट्रात धुळे व नासिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इ. नद्यांवर चालत आलेल्या फड पद्धतीतही बंधारा व पाट यांची देखभाल सामुदायिक आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, हेच सूत्र आढळते.

लोकजीवन : पाळी रात्रीची असली की दळण होईपर्यंत चक्कीवर जागावे लागे. शेजारची तरुण मंडळी तेथे जमत व डफासारख्या वाद्यांच्या साथीवर गाणी व नाच होत. गॅलिशियाच्या ‘मुइन्येइरा’ या प्रसिद्ध लोकनृत्याच्या नावाचा उगम चक्की या अर्थाच्या ‘मुइन्यो’ या शब्दाशी निगडित आहे. दळण आणि गीत यांचा संबंध मराठी वाचकांस जात्यावरील ओव्यांमुळे परिचित आहे. मात्र ओवी ही हाताने जाते ओढणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला लय देते, तर येथे श्रम पाणी करी व गाणे वाट पाहणाऱ्यांचे असे. हाताच्या जात्यापासून झालेली ही सुटका हा पाणचक्कीचा ग्रामीण स्त्रियांना झालेला मोठा लाभ होय.

भारतातील तुलनीय चक्क्या : हिमालयाच्या उत्तराखंड, हिमाचल प्रदेश व काश्मीर या भागांत ‘घराट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चक्क्या याच आडव्या चाकाच्या तत्त्वावर चालतात. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील खाम नदीकाठची प्रसिद्ध पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात असून तिच्यासाठी कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले होते. तेथे एका संस्थेच्या आश्रयाने पाणी चक्कीपर्यंत आले. फोलोन व पिकोन येथे चक्क्याच पाण्याजवळ गेल्या.

मार्गाचे वर्णन : बहुतेक पदयात्री पायथ्यापासून फोलोन ओढ्याच्या कडेने चढतात व पिकोनच्या कडेने उतरतात. वाट ग्रॅनाइटच्या उघड्या खडकावरून व ओबडधोबड पायऱ्यांवरून जाते. धान्याची ओझी वाहणाऱ्या माणसांचा व जनावरांचा वावर याच उतारावर होता. चढताना प्रथम दृष्टीस पडते ती एकेका चक्कीची भिंत. थोडे वर जाऊन मागे वळून पाहिले असता चक्क्यांची रांग जिन्यासारखी दिसते आणि पाट, नळ व चक्की यांचा क्रम ध्यानात येतो. माथ्यावरून ओ रोसालचे खोरे, मीन्योचे पात्र व पलीकडील पोर्तुगालची भूमी दिसते. जवळच, नदीच्या मुखाशी आ ग्वार्दा येथे सांता त्रेगा ही टेकडी असून तिच्यावर रोमनकालीन वर्तुळाकार दगडी घरांच्या वसाहतीचे अवशेष आहेत.

हिवाळा व वसंत ऋतू या काळात ओढ्यांना भरपूर पाणी असते व पाण्याचा वापर कसा होई हे चांगले समजते. मात्र शेवाळलेला खडक तेव्हा निसरडा असतो. उन्हाळ्यात वाट कोरडी व सुकर असली, तरी चक्क्यांचे पाट बहुधा ओस दिसतात.

ऱ्हास व जतन : विसाव्या शतकात विजेच्या गिरण्या आल्या, भट्टीतील गव्हाची पाव-रोटी गावोगाव मिळू लागली आणि मक्याची भाकरी मागे पडली. गॅलिशियातून अर्जेंटिना व क्यूबा या देशांकडे व पुढे यूरोपातील औद्योगिक देशांकडे मोठे स्थलांतर झाले. पाळीचे तास ज्यांच्या नावावर होते ती कुटुंबे विखुरली. पाट साफ करणारे हात उरले नाहीत, तेव्हा चक्क्या एकामागून एक बंद पडल्या. लाकडी चाके कुजली, छपरे कोसळली व झुडपे माजली.

पुढे चक्क्यांची डागडुजी होऊन वाट मोकळी करण्यात आली. स्पेनच्या १९८५ च्या ऐतिहासिक वारसा अधिनियमाने सांस्कृतिक महत्त्वाच्या वास्तूंसाठी संरक्षणाचा जो विशेष दर्जा निर्माण केला, तो या समूहास १९९८ मध्ये मिळाला. एकेकट्या चक्कीऐवजी संपूर्ण समूहाला असे संरक्षण मिळणे महत्त्वाचे होते. कारण मधली एक चक्की वा पाटाचा एक तुकडा नाहीसा झाला, तर पाण्याची साखळी तुटते व उरलेल्या वास्तू अर्थशून्य होतात.

जतनाचा प्रश्न मात्र संरक्षणाच्या घोषणेने संपत नाही. भिंती दगडाच्या असल्याने टिकतात; पाट, बंधारा व लाकडी यंत्रभाग यांना दरवर्षी निगा लागते. गॅलिशियात युकॅलिप्टसच्या लागवडीखालील क्षेत्र वाढले असून प्रदेशाला वणव्यांचाही धोका आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात पोंतेवेद्रा प्रांताच्या दक्षिण भागात मोठे वणवे पेटले होते. वणव्यानंतर उतारावरील माती व राख पावसाबरोबर ओढ्यांत वाहून येते आणि अरुंद पाट बुजतात. पूर्वी असा गाळ काढणे हे दळण मिळावे म्हणून प्रत्येक हिस्सेदाराचे काम होते. आता दळण नाही. वाटेवर येणाऱ्यांची वर्दळ हेच देखभालीचे मुख्य कारण उरले आहे. पदभ्रमणामुळे या चक्क्यांना नवे प्रयोजन मिळाले, हे खरे. परंतु ज्या सामाईक जबाबदारीवर हा समूह उभा राहिला, ती पाहुण्यांकडून येऊ शकत नाही. ती खोऱ्यातील रहिवासी व त्यांच्या स्थानिक संस्था यांनाच वाहावी लागते आणि त्यांच्या त्या कामावरच या उतारावरील पाण्याचा प्रवाह व चक्क्यांचे भवितव्य अवलंबून आहे.